दोन ओळींत मावेल तेवढं वऱ्हाड

‘गाभ्रीचा’ हा शब्द यवतमाळात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. बैल अडला, मोटार बंद पडली, पोरगं शाळेतून पळून आलं की तो आपोआप तोंडातून निघतो. त्यात राग असतो, वैताग असतो आणि ज्याच्यावर रागावलो त्याच्यावाचून आपलं चालत नाही याची कबुलीही असते. सतीश मनवर यांनी २००९ साली आपल्या पहिल्या चित्रपटाच्या नावासाठी हाच शब्द उचलला आणि थेट पावसाला लावला: ‘गाभ्रीचा पाऊस’. कोरडवाहू शेतकऱ्याचं पावसाशी असलेलं नातं सांगायला याहून नेमके दोन शब्द सापडणं कठीण.

हा चित्रपट नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात गेला. तिकडे नाव इंग्रजीत हवं, म्हणून ते झालं ‘द डॅम्ड रेन’. भाषांतर चुकलं असं म्हणता येणार नाही. दोन शब्दांना दोन शब्द, शिवीला शिवी. पण शिवीचं कूळ मात्र बदललं. ‘डॅम्ड’ हा शब्द चर्चच्या अंगणातला. देवानं नरकात धाडलेला, शापित असा त्याचा मूळ अर्थ. ‘गाभ्रीचा’मधला ‘चा’ हा मराठी शिव्यांतला जुना ओळखीचा ‘चा’, समोरच्याच्या जन्मापर्यंत जाऊन पोचणारा. इंग्रजी शिवी देवाकडे बोट दाखवते, वऱ्हाडी शिवी आईबापाकडे. रॉटरडॅमच्या प्रेक्षकाला पडद्यावर शापित पाऊस दिसला असेल. यवतमाळच्या प्रेक्षकाला दिसतो तो घरातलाच एक नाठाळ माणूस, जो यायचा तेव्हा येत नाही आणि आला की जात नाही.

परभाषेतला चित्रपट बघताना पडद्याच्या तळाशी येणाऱ्या त्या दोन ओळी नेमकं काय देतात आणि काय काढून घेतात, हे समजून घ्यायला एवढं एक नावही पुरे आहे. या ओळींना मराठीत ‘उपशीर्षकं’ म्हणायची पद्धत आहे, पण त्यात शीर्षक कुठेच नसतं. बोलणं असतं. त्यामुळे लोक सरळ सबटायटल्स म्हणतात, आणि तेच बरं.

यवतमाळ जिल्ह्याचा आणि सबटायटल्सचा संबंध तसा वरवर पाहता काही नाही. पण कापूस, कर्ज आणि शेतकरी आत्महत्या या तीन शब्दांनी हा जिल्हा जगाच्या नकाशावर नेला आणि त्यामागोमाग कॅमेरे आले. मीखा पेलेड या दिग्दर्शकाचा ‘बिटर सीड्स’ हा माहितीपट २०११ साली आम्स्टरडॅमच्या माहितीपट महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे पर्यावरणविषयक विभागात त्याला पुरस्कारही मिळाला. त्यातलं गाव आहे पांढरकवड्याच्या बाजूचं तेलंग टाकळी. बीटी कापसाचं बियाणं, त्यासाठी काढलेलं कर्ज आणि वडील गमावलेली, पत्रकार होऊ पाहणारी गावातलीच एक मुलगी, असा त्याचा गाभा. पेलेड यांची जागतिकीकरणावरची ही तिसरी फिल्म. आधीच्या दोन अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानसाखळीवर आणि चीनमधल्या जीन्सच्या कारखान्यावर होत्या.

म्हणजे तेलंग टाकळीच्या ओट्यावरचं बोलणं आम्स्टरडॅमच्या थिएटरात बसलेल्या माणसाला कळलं. हे कळवण्याचं काम कुठल्या पुस्तकानं, भाषणानं केलं नाही. पांढऱ्या अक्षरांच्या दोन ओळींनी केलं. ही लहान गोष्ट नव्हे. पण कळलं म्हणजे किती कळलं, हे पाहायचं तर त्या दोन ओळींच्या हिशेबात शिरावं लागतं.

हिशेब कडक असतो. नेटफ्लिक्सच्या इंग्रजी सबटायटल्सच्या नियमावलीत एका ओळीला जास्तीत जास्त ४२ अक्षरं, मोकळ्या जागा आणि विरामचिन्हं धरून. एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी. एक सबटायटल पडद्यावर सात सेकंदांहून अधिक रेंगाळू द्यायचं नाही. टीव्ही आणि चित्रपटांच्या जुन्या धंद्यातही साधारण असाच अंदाज होता: भरगच्च दोन ओळींना सहा सेकंद. माणूस बोलतो त्या वेगानं वाचता येत नाही, शिवाय वाचता वाचता चेहराही बघायचा असतो. म्हणून सबटायटल लिहिणारा भाषांतर करण्याआधी कात्री चालवतो. पुनरुक्ती जाते, हाका जातात, ‘बरं का’, ‘म्हणजे’, ‘बघ ना’ असली भरताड जाते.

आता वऱ्हाडी बोलणं बहुतांशी याच भरताडीत राहतं. समजा, बांधावर उभा राहून एखादा बाप पोराला विचारतो, “काऊन बे पोट्ट्या, सकाऊनपासून वावरात गेलता, का तिकडंच झोपा काढून रायलता?” कात्री चालवल्यावर इंग्रजीत उरेल ते एवढंच: शेतात होतास की झोपला होतास? माहिती पूर्ण आली. बाप मात्र आला नाही. ‘बे’मधला दरारा, ‘पोट्ट्या’मधली माया, ‘झोपा काढून’ या अनेकवचनातला टोमणा, सगळं कापणीत गेलं.

संबोधनांची गत सगळ्यांत वाईट. वऱ्हाडात होकार तीन-चार तऱ्हांनी देता येतो. सावकारापुढे, तलाठ्यापुढे, सासऱ्यापुढे ‘हव जी’. बायकोला नुसतं ‘हव’, फार तर ‘हव वं’. मित्राला ‘हव बे’. कोण कुणाच्या वर आहे, कोण कुणाला घाबरतं, कुणाचं कुणाशी सख्य आहे, हे सगळं त्या शेपटाच्या एका अक्षरात असतं. इंग्रजी सबटायटलमध्ये सगळ्यांना एकच उत्तर मिळतं: ‘येस’. ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांचं तर ‘यू’ होऊन केव्हाच सपाटीकरण झालेलं असतं. कर्ज मागायला गेलेला माणूस वाक्याच्या मध्यावर ‘तुम्ही’वरून ‘मायबाप’वर घसरतो, तेव्हा यवतमाळच्या प्रेक्षकाच्या पोटात खड्डा पडतो. खाली वाचणाऱ्याला ती घसरण दिसत नाही.

आणि काही शब्द असे की ते दोन ओळींत मावतच नाहीत. ‘दुबार पेरणी’चं भाषांतर ‘पुन्हा पेरणे’ असं सहज होतं. पण दुबार पेरणी म्हणजे पहिलं बियाणं मातीत गेलं, त्याचं उधार अंगावर राहिलं, आता दुसऱ्या बियाण्यासाठी त्याच दारात उभं राहायचं. ‘सातबारा’ म्हणजे जमिनीचा उतारा, हे खरं. पण तो कोरा असणं किंवा त्यावर बोजा चढलेला असणं यात एका घराची अख्खी परिस्थिती येते. ‘तेरवी’ म्हणजे तेरावा दिवस, एवढं सांगून भागतं का? ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये शेजारच्या शेतकऱ्यानं आत्महत्या केल्यावर अलकाला आपल्या नवऱ्याची, किसनाची, धास्ती वाटू लागते. ती पोराला आणि सासूला त्याच्या मागावर ठेवते, त्याला गोडधोड करून घालते. चित्रपट हसवत हसवत पुढे जातो. त्या हसण्याखालची भीती ज्या शब्दांत आहे ते शब्द घरातले आहेत, आणि घरातले शब्द सबटायटलला सगळ्यांत जड जातात.

इथे एक गंमतही आहे. किसना झालेले गिरीश कुलकर्णी, अलका झालेल्या सोनाली कुलकर्णी आणि सासू झालेल्या ज्योती सुभाष यांची घडण पुण्याकडची. वऱ्हाडी त्यांनी भूमिकेसाठी उचललेली. रॉटरडॅममधल्या प्रेक्षकाला हा प्रश्नच पडत नाही. त्याच्यासाठी जे कानावर पडतं ते सगळं अस्सलच. यवतमाळचा प्रेक्षक मात्र पहिल्या दोन वाक्यांत कान टवकारतो. एखादा ‘रायला’ नीट वळला का, ‘माह्या’ आणि ‘माझ्या’ची गल्लत झाली का, हे तो मोजत बसतो. पुढे रंगून जातो ही गोष्ट वेगळी, पण परीक्षा होते. परकी भाषा वाचून बघणाऱ्याला ही परीक्षा घेता येत नाही, आणि म्हणून तो एका अर्थी अधिक सुखी प्रेक्षक असतो. जपानी, इराणी, कोरियन नटांचा अभिनय आपल्याला नेहमी थोडा जास्तच चांगला वाटतो, याचं एक कारण हेही असावं. संवादफेक कृत्रिम आहे की सहज, हे आपल्या कानाला कळत नाही. आपण डोळ्यांवर विश्वास ठेवतो.

डोळे तरी कुठे पूर्ण मोकळे असतात? बेल्जियममधल्या ल्युव्हेन विद्यापीठात गेरी दीडेवाल आणि सहकाऱ्यांनी प्रेक्षकांच्या नजरेचा माग काढणारे प्रयोग केले. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्यांनी सबटायटल्सची सवय नसलेल्या अमेरिकन प्रेक्षकांना इंग्रजी चित्रपट इंग्रजी सबटायटल्ससह दाखवला. भाषा त्यांची स्वतःची होती, वाचायची काही गरज नव्हती. तरी नजर खाली जातच राहिली. पडद्यावर अक्षर उमटलं की वाचता येणारा माणूस ते वाचतोच, त्याच्या मर्जीचा त्यात फारसा प्रश्न नसतो. इंग्रजी सबटायटल्ससह मराठी चित्रपट बघताना आपलं हेच होतं. संवाद कानांनी समजलेला असतो, तरी डोळे खाली उतरून ‘बघू यांनी याचं काय केलंय’ म्हणून तपासणी करून येतात, आणि तेवढ्यात नटाच्या चेहऱ्यावरची एखादी रेघ निसटते. विनोदी प्रसंगांत तर वाचणारे आधी हसतात, ऐकणारे नंतर. थिएटरात दोन लाटा येतात.

सबटायटल नको असेल तर दुसरा रस्ता डबिंगचा. यवतमाळला तो अधिक ओळखीचा आहे, कारण तेलुगू चित्रपट इथल्या घराघरांत हिंदी बोलत आले. ‘पुष्पा’ २०२१ च्या डिसेंबरात आला, तेव्हा अल्लू अर्जुनच्या तोंडून हिंदीत बोलले ते आपले श्रेयस तळपदे. आवाज जमला, लोकांनी डोक्यावर घेतला. पण मूळ तेलुगूत पुष्पा बोलतो ती चित्तूरकडची बोली, शहरी तेलुगू माणसाला रांगडी वाटणारी. हिंदीत ती बोली उरली नाही, एक फिल्मी टपोरीपणा उरला. वऱ्हाडीचं इंग्रजीत जे होतं, तेच चित्तूरच्या तेलुगूचं हिंदीत झालं. फरक एवढाच की सबटायटलमध्ये मूळ आवाज निदान कानावर तरी पडत राहतो. भाषा कळली नाही तरी सूर कळतो, धाप कळते, रडू दाबलेलं कळतं. डबिंगमध्ये तो आवाजच पुसला जातो. युरोपात इटली, स्पेन, जर्मनी हे डबिंगचे देश आणि नेदरलँड्स, स्वीडन, पोर्तुगाल हे सबटायटल्सचे. यामागे बाजारपेठेचा आकार आहे तसं राजकारणही आहे: मुसोलिनीच्या इटलीत १९३० च्या दशकात आणि फ्रँकोच्या स्पेनमध्ये १९४१ साली परकीय चित्रपट देशी भाषेत डब करण्याची सक्ती झाली. संवाद बदलता येतात, आक्षेपार्ह वाक्य हवं तसं वळवता येतं आणि प्रेक्षकाला पत्ताही लागत नाही, ही डबिंगची सोय हुकूमशहांनी बरोबर हेरली होती.

बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या विभागात तिसराच प्रकार चालतो. चित्रपट मूळ भाषेत सुरू असतो, खाली इंग्रजी सबटायटल्स असतात, आणि इंग्रजी न वाचणाऱ्या छोट्या प्रेक्षकांसाठी एक माणूस थिएटरातच माइकवर जर्मन संवाद वाचून दाखवतो. अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ २०१४ साली याच विभागात होता आणि मुलांच्या परीक्षक मंडळानं त्याला स्फटिक अस्वलाचा पुरस्कार दिला. म्हणजे कोकणातल्या पोरांचं मराठी जर्मन मुलांना अक्षरशः वाचून दाखवलेलं होतं. आपल्याला हा प्रकार नवा वाटायचं कारण नाही. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला तेव्हा मूकपटात प्रसंगांच्या मधे इंग्रजी आणि हिंदी पाट्या येत. त्या काळच्या थिएटरांत पाट्या वाचता येणारा माणूस शेजाऱ्यापाजाऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवी. आजही एखाद्या घरात नात आजीसाठी मोबाइलवरच्या मालिकेची सबटायटल्स वाचत बसलेली सापडेल. आजी मधेच विचारते, “एवढा वेळ तो बोलला अन् इतकंच?” सबटायटल्सवरची ही सगळ्यांत नेमकी समीक्षा म्हणायला हरकत नाही.

एका चित्रपटात एकाहून अधिक भाषा असल्या की गोंधळ आणखी वाढतो. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ साली व्हेनिसला गेला, तिथे दोन पुरस्कार घेऊन आला आणि पुढे ऑस्करसाठी भारताची अधिकृत निवड ठरला. त्यात नारायण कांबळे या लोकशाहिराच्या भूमिकेत होते विदर्भातलेच कार्यकर्ते वीरा साथीदार. या चित्रपटात मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी अशा चार भाषा आहेत आणि कोण कुठल्या भाषेत बोलतो हाच कथेचा कणा आहे. शाहीर मराठीत गातो, सरकारी वकीलबाई घरी मराठी बोलतात आणि कोर्टात कलमांचं इंग्रजी घडाघडा वाचतात, बचावाचे वकील गुजराती घरातले. आरोपीच्या आयुष्याचा निकाल ज्या भाषेत लागतोय ती त्याची भाषा नाही, हे आपल्याला न सांगता कळतं. परदेशी प्रेक्षकाच्या समोर या चारही भाषा एकाच इंग्रजीत, एकाच टायपात येतात. सबटायटल लिहिणाऱ्यानं यात काही चूक केलेली नाही. त्याच्या हातात एकच रंग होता.

काही वेळा मात्र सबटायटल लिहिणारा धीट होतो. कोरियाच्या ‘पॅरासाइट’मध्ये दोन तऱ्हांच्या पाकीटबंद नूडल्स एकत्र करून ‘चापागुरी’ नावाचा पदार्थ केला जातो. इंग्रजी सबटायटल्स लिहिणारे डार्सी पॅकेट यांनी रामेन आणि उदोन हे दोन शब्द जोडून ‘रामडॉन’ असा नवाच शब्द घडवला. सोलच्या नामवंत विद्यापीठाच्या जागी त्यांनी ऑक्सफर्ड लिहिलं. कोरियन जाणणाऱ्यांनी नाकं मुरडली, पण बाकीच्या जगाला विनोद क्षणात कळला. याच धीटपणानं कुणी ‘पिठलं-भाकर’ची जागा बदलली तर आपल्याला चालेल का? बहुधा नाही. आपला पदार्थ असला की आपल्याला तळटीप हवी असते, दुसऱ्याचा असला की सोय.

हे झालं यवतमाळचं बोलणं जगाला कसं वाचायला मिळतं त्याबद्दल. उलटा प्रवास जास्त अवघड आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा इथल्या मध्यमवयीन माणसाला सबटायटल्स पहिल्यांदा भेटली ती बहुधा दूरदर्शनवर. १९८० च्या दशकात रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतले पुरस्कारप्राप्त चित्रपट लागत. मल्याळम, बंगाली, कन्नड, असमिया. खाली इंग्रजी सबटायटल्स. जेवण झालेलं, बाहेर ऊन, आणि पडद्यावर एक माणूस होडीत बसून दहा मिनिटं गप्प. पुष्कळांनी टीव्ही बंद केला, थोड्यांनी चिकाटीनं पाहिला. पण चिकाटी असली तरी इंग्रजी लागत होतं. मल्याळम समजत नाही म्हणून इंग्रजी वाचायचं आणि इंग्रजी पुरतं वाचून होण्याआधी ओळ गायब. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ होतं, पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय होतं, २००२ पासून पुण्याचा आंतरराष्ट्रीय महोत्सव आहे, २००४ पासून इफ्फी हा भारताचा आंतरराष्ट्रीय महोत्सव गोव्यात भरतो. या सगळ्यांनी मराठी प्रेक्षकाला जगाचा सिनेमा दाखवला, त्यांचे उपकार मोठे आहेत. पण या सगळ्या ठिकाणी परदेशी चित्रपट मराठी माणसापर्यंत आला तो इंग्रजीतून. इंग्रजी सफाईदार नसलेल्या माणसासाठी इराणी चित्रपट बघणं म्हणजे एका परक्या भाषेचा दुसऱ्या परक्या भाषेतला अनुवाद धावत्या गाडीतून वाचणं.

आणि हा जिल्हा भाषांच्या बाबतीत काही गरीब नाही. पैनगंगेच्या पलीकडे तेलंगणातला आदिलाबाद. पांढरकवड्यावरून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो. केळापूर, झरी-जामणी, वणी या पट्ट्यात ‘वार’ने संपणाऱ्या आडनावांची घरं जागोजागी, आणि त्यातल्या अनेकांना तेलुगू चित्रपट सबटायटलशिवाय कळतो. कोलामांची कोलामी आणि गोंडांची गोंडी या दोन्ही भाषा तेलुगूच्याच द्रविडी कुळातल्या. पुसद, दिग्रस, दारव्ह्याकडच्या तांड्यांवर गोरबोली. घरात एक, शाळेत दुसरी, बाजारात तिसरी भाषा बोलणारी ही माणसं आहेत. परकी भाषा ऐकताना बिचकावं अशी त्यांची घडण नाही. अडतं ते खालच्या अक्षरांपाशी.

मराठी अक्षरं खाली असती तर काय झालं असतं, याचा एक प्रयोग महाराष्ट्रात झालेला आहे. ब्रिज कोठारी १९९६ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना मित्रांबरोबर पेद्रो अल्मोदोवारचा स्पॅनिश चित्रपट बघत होते. इंग्रजी सबटायटल्सऐवजी स्पॅनिशच सबटायटल्स असती तर आपली स्पॅनिश सुधारली असती, असं त्यांच्या मनात आलं. पुढे ते अहमदाबादच्या आयआयएममध्ये आले आणि तोच विचार त्यांनी साक्षरतेला लावला. गाणं हिंदी, तर सबटायटलही हिंदीच. १९९९ साली गुजरातीतल्या ‘चित्रगीत’वर आणि २००२ पासून दूरदर्शनच्या ‘चित्रहार’वर गाण्यांचे शब्द खाली उमटू लागले. त्यांच्या प्लॅनेटरीड संस्थेनं नंतर झी टॉकीजबरोबर मराठी चित्रपटांनाही मराठी सबटायटल्स दिली. कल्पना साधी: शाळा सोडलेल्या किंवा अडखळत वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर तासन्‌तास अक्षरं फिरत राहिली तर वाचन आपोआप मुरतं. ल्युव्हेनच्या प्रयोगात दिसलेली गोष्ट इथे कामाला येते. नजर खाली जातेच.

ऐकू न येणाऱ्यांसाठी तर हीच अक्षरं म्हणजे चित्रपट. केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानं मार्च २०२४ मध्ये थिएटरांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. एकाहून अधिक भाषांत प्रमाणित होणाऱ्या चित्रपटांना श्रवणदोष आणि दृष्टिदोष असलेल्या प्रेक्षकांसाठी किमान एकेक सोय देणं त्यात अपेक्षित आहे. आता एका भाषेत, कमी पैशांत निघालेल्या मराठी चित्रपटापर्यंत हे कधी पोचणार, हा खरा प्रश्न.

मराठी सबटायटल्स करायची म्हटली की आधी एक वाद उभा राहतो. पात्र ‘करून रायलो’ म्हणतं, तर खाली काय लिहायचं? ‘करत आहे’? प्रमाण मराठी लिहिली तर शाळेला सोपी, पण कानाला एक आणि डोळ्याला दुसरं असा प्रकार होतो, आणि वऱ्हाडी माणसाला पुन्हा एकदा कळतं की त्याचं बोलणं छापण्यालायक नाही. बोललं जातं तसंच लिहावं. वऱ्हाडी लिहायला अवघड आहे हे कारण टिकणारं नाही. मोबाइलवर सगळा जिल्हा रोज वऱ्हाडीतच लिहितो. हॉलिवुडच्या मारामारीवर वऱ्हाडी संवाद चिकटवलेल्या चित्रफिती त्याच मोबाइलवर हसून हसून पाहिल्या जातात. बोलीला विनोदासाठी प्रवेश आहे आणि गंभीर चित्रपटाच्या तळाशी नाही, ही वाटणी कुणी केली?

देवनागरीच्या काही अडचणी खऱ्या आहेत. वर मात्रा-वेलांट्या-रफार, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींना इंग्रजीपेक्षा उंच जागा लागते आणि चित्र जास्त झाकलं जातं. पण काम स्वतः काही रॉकेटशास्त्र नाही. एसआरटी नावाची फाइल असते, साध्या नोटपॅडमध्ये उघडते. पहिल्या ओळीत क्रमांक, दुसऱ्या ओळीत वाक्य कधी यावं आणि कधी जावं याची वेळ, तिसऱ्या-चौथ्या ओळीत मजकूर, मग एक कोरी ओळ. संपूर्ण चित्रपट म्हणजे अशा हजाराच्या आसपास नोंदी.

यवतमाळ जिल्ह्यातल्या कॉलेजांच्या मराठी विभागांनी वर्षाला एक चित्रपट घ्यावा. मोठ्या चित्रपटांना हक्काच्या मालकांची परवानगी लागेल, म्हणून सुरुवात विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या लघुपटांपासून करावी. कोलामी किंवा गोरबोलीतल्या पाच मिनिटांच्या फिल्मला मराठी सबटायटल्स द्यावीत, वऱ्हाडी फिल्मला वऱ्हाडी द्यावीत, जमल्यावर निर्मात्याला पत्र लिहून एखाद्या इराणी चित्रपटाला हात घालावा. चार पोरं, एक कॉम्प्युटर आणि भांडायला तयार असलेला एक मराठीचा मास्तर एवढी सामग्री पुरते. मजकूर देवनागरीत लिहा, वेळेचे आकडे मात्र इंग्रजीच ठेवा. आणि फाइल साठवताना यूटीएफ-८ हा पर्याय निवडायला विसरू नका, नाहीतर पडद्यावर वऱ्हाडीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटतात.